रोजची भाजी फळ्यावर: शेतमालावर चालणारी स्वस्तातली खाणावळ कशी सुरू करावी

पुण्यात नऊ वर्षं हिशेबनीस म्हणून काढली, मग गावाकडे येऊन आळेफाट्याजवळ चोवीस खुर्च्यांची खाणावळ टाकली. ताट १३० रुपयांचं, जेवण फक्त दुपारचं, आणि आज भाजी कोणती हे सकाळी साडेनऊला फळ्यावर लिहिल्यावरच कळतं. शहरात याला ‘फार्म टू टेबल’ (शेतातून थेट ताटात) म्हणतात आणि त्याच बाजरीच्या भाकरीचे कितीतरी पट पैसे घेतात. इथे पाटीवर असलं काही लिहिलं तर गिऱ्हाईक महाग असेल म्हणून पुढच्या ढाब्यावर जाईल.

हल्ली महिन्यातून दोघेतिघे तरी विचारायला येतात: आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी जागा बघून ठेवलेली असते, नाव ठरलेलं असतं, काहींनी मेन्यूकार्ड छापायलाही टाकलेलं असतं. गाडी तिथेच चुकते. खाली लिहिलंय ते जुन्नर तालुक्यातल्या अनुभवावरून. तुमचं गाव वाई, इगतपुरी किंवा संगमेश्वर असेल तर भाज्या बदलतील, क्रम बहुधा हाच राहील.

१. जागा बघण्याआधी बाजार बघा

एक वही घ्या आणि आठवडी बाजारात दर खेपेला तीन गोष्टी लिहा: काय आलं, काय भावाने गेलं, आणि संध्याकाळी उरलं काय. तिसरा रकाना कुणी लिहीत नाही, आणि तुमचा धंदा त्याच रकान्यावर चालणार आहे. मुबलक आलेल्या, उतरत्या भावाच्या मालातून चवीचं जेवण करता आलं तरच ताट स्वस्त राहतं. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा लिहा. फक्त हिवाळा बघून सुरू केलेली खाणावळ एप्रिलमध्ये रडते.

आमच्याकडचं वर्ष साधारण असं जातं.

पाऊस लागता लागता शेवळं येतात, जेमतेम दोनतीन आठवडे. मग टाकळा, फोडशी, कुर्डू. जुलैनंतर कर्टुली, भारंगीची पानं आणि पुढे तिची फुलं. हा सगळा माल तालुक्याच्या पश्चिमेकडून, नाणेघाट-माळशेजच्या डोंगरपट्ट्यातून येतो. शेतातली दोडकी, घोसाळी, काकडी, भेंडी, अंबाडी याच काळातली. टाकळ्याची कोवळी पानंच घ्या. गणपतीच्या सुमारास तो फुलावर येतो आणि उग्र लागायला लागतो.

दिवाळीनंतर चैन असते. मेथी, चाकवत, पालक, मुळा, पावटा, घेवडा, ओल्या तुरीच्या शेंगा, मटार, गाजर, पुढे हरभऱ्याचे सोलाणे. नवीन तांदूळ, नवीन बाजरी. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पाचसहा भाज्या एकत्र घातलेली लेकुरवाळी केली की त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात.

मार्चपासून चित्र पालटतं. वांगी, शेवगा, तांबडा भोपळा, कैरी हाताशी असतात, पण पालेभाजी महाग आणि लवकर मान टाकणारी. मे महिन्यात तर मोजक्याच भाज्या परवडतात. मग ताट उभं राहतं ते कडधान्यांवर आणि वाळवणावर: हुलग्याची शेंगोळी, मटकी, सांडग्यांची आमटी, वाळवलेल्या गवारीची भाजी, कैरीचं सार, पिठलं. हे वाळवण फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी मला ते सुचलं नाही आणि मे महिन्यात मी कोबी-बटाटा विकत बसले. फळ्यावर सलग चार दिवस ‘कोबी’ लिहिताना कशी लाज वाटते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

२. ताटाचा साचा ठरवा, भाजी ठरवू नका

सगळ्या लेखातलं हे एकच कलम पाळलंत तरी चालेल. आमचा साचा असा: दोन भाकरी, एक सुकी भाजी, एक पातळ (आमटी किंवा रस्सा), मूदभर भात, कोशिंबीर किंवा चटणी, ताक. एवढं कायम. त्या प्रत्येक जागी काय येणार ते बाजार ठरवतो. किंमत मात्र वर्षभर एकच. गिऱ्हाइकाला रोज वेगळी भाजी चालते, रोज वेगळा भाव चालत नाही.

पातळाची जागा फार कामाची आहे. सुकी भाजी महाग पडली त्या दिवशी पातळ स्वस्तातलं करायचं आणि दोन्हींचा तोल सांभाळायचा. येसूर (धान्य-मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ) घरात असला की मूठभर डाळीची आमटीही दाट होते. आमच्याकडे येसूर तीन महिन्यांचा एकदम भाजून-दळून ठेवतो. अचानक दहा माणसं वाढली तर तोच वाचवतो.

आंबटाचंही तसंच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारापासून जवळच आम्ही, पण महिनाभर स्वयंपाकघरात टोमॅटो आणला नाही. चिंच, आमसूल, ताक, अंबाडीची पानं यांवर भागलं. एकाच गिऱ्हाइकाने विचारलं, आणि तेही कौतुकाने. ज्याच्या पाककृतीत प्रत्येक रश्शाला टोमॅटो लागतो, त्याचा नफा त्या एका महिन्यात गेला असणार.

सापळा: एकाच भाजीचा पूर आला की ती सलग पाच दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी लोक नाक मुरडतात. ऑगस्टमधला दोडका हा आमचा ठरलेला गुन्हेगार. उपाय म्हणजे भाजीचं रूप बदला. पहिल्या दिवशी चणाडाळ घालून, दुसऱ्या दिवशी भरलेला, तिसऱ्या दिवशी त्याच्या शिरांची चटणी आणि सुक्यात दुसरंच काहीतरी. आठवड्यातला एक दिवस ठरलेल्या पदार्थाचा ठेवा. आमची बुधवारी मासवडी असते. तिला हंगाम लागत नाही, बेसन, तीळ, खोबरं आणि हात लागतो. त्या दिवशी लोक लांबून येतात, म्हणून त्या ताटाला वीस रुपये जास्त घेतो.

३. माल कोणाकडून घ्यायचा

इथे नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. त्याच्या डोक्यात असतं, ‘एका मोठ्या शेतकऱ्याशी करार करू.’ हिशेब करून बघा. ताटाला दीडशे ग्रॅम भाजी धरली तर साठ ताटांना नऊ किलो. एकरभर वांगी लावलेल्या माणसाच्या एका तोड्यात कॅरेटच्या कॅरेट भरतात. तुमच्या नऊ किलोंसाठी तो गाडी वळवणार नाही, आणि वळवावी अशी अपेक्षाही धरू नये.

मला तीन प्रकारची माणसं उपयोगी पडली.

पहिल्या म्हणजे परसबाग आणि बांधावरचा माल असणाऱ्या बायका. शेवगा, अळू, लिंबं, कढीपत्ता, चारपाच किलो घेवडा. बाजारात बसायचं तर त्यांचा दिवस मोडतो; मी दारात रोख देते. बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसलात तर एका दुपारी दहाबारा नावं मिळतात.

दुसरे म्हणजे सकाळी पिकअप घेऊन बाजाराला निघालेले शेतकरी. तुमची जागा त्यांच्या वाटेवर असेल तर एक कॅरेट उतरवून जायला त्यांना दोन मिनिटं लागतात. जागा बघताना मी भाड्यापेक्षा हे जास्त बघायला सांगेन.

तिसऱ्या रानभाजीवाल्या मावश्या. त्यांना वजनाने नाही, वाट्याने विचारा, आणि भावाची घासाघीस करू नका; पावसात डोंगर उतरून आलेल्या असतात. एका खेपेला दोनतीन किलोंच्या वर मागूही नका, नाहीतर कंदासकट उपटून आणायची सवय लागते. कृषी विभाग २०२० पासून ऑगस्टमध्ये रानभाज्या महोत्सव भरवतो. तिथे गेलात तर भाजी, ती आणणारी बाई आणि ती करायची रीत, तिन्ही एकदम भेटतात.

रानभाजीत हुशारी नको. पहिल्या पावसाळ्यात मी शेवळं केली. चिंच बेताची घातली आणि काकडं (शेवळांची खाज मारणारी आंबट रानफळं) घातलीच नाहीत. अकरा जणांच्या घशाला खाज सुटली. एक शिक्षक तर उरलेला तास फळ्यावर लिहून घेत होते म्हणे. शेवळं आणणारीनेच दुसऱ्या दिवशी झापलं: “काकडं दिली व्हती ना तुला, ती काय खेळायला?” आता ज्या भाजीची पूर्ण रीत आणणाऱ्या बाईकडून ऐकलेली नाही ती चुलीवर चढत नाही. रानातली अळंबी तर कुणीही आणो, खाणावळीत घेत नाही.

भाव कसा ठरवायचा? पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. शेतकऱ्याच्या हातात पट्टी (विक्रीचा हिशेब) येते ती हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा होऊन. त्यामुळे बाजारातला सरासरी भाव तुम्ही जागेवर रोख दिलात तरी त्याला दोन पैसे जास्त सुटतात आणि तुम्हाला किरकोळीपेक्षा स्वस्त पडतं. नेहमीच्या चार जणांशी मी खालचा आणि वरचा असे दोन आकडे बोलून ठेवलेत. वांग्याचं सांगायचं तर वीसच्या खाली मी पाडून मागणार नाही आणि चाळीसच्या वर ते मला लावणार नाहीत. बाजार साठावर गेला तर ते माल बाजारात नेतात, मी रागावत नाही, त्या दिवशी मटकी करते. अशा दिवशी ‘आपलं ठरलं होतं ना’ म्हणून भांडलात तर पुढच्या मंदीत तुम्हाला निवडून टाकलेला माल येईल.

फळं-भाजीपाला २०१६ साली राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घेण्यात कायद्याची अडचण नाही. शेतकरी बिल देत नाही, म्हणून खरेदी वही ठेवा: तारीख, नाव, गाव, माल, वजन, दर, सही. वर्षाखेरीला हिशेबनीस तुमचे पाय धरेल. मी धरले असते.

दोन गोष्टी प्रत्येकाला विचाराच. शेवटची फवारणी कधी केली, आणि कशाची. औषधाच्या बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकाला राग आला; आता तोच फोनवर आधी सांगतो, “ताई, परवा मारलंय, या आठवड्यात नको.” आणि फळ्यावर ‘सेंद्रिय’ हा शब्द लिहू नका. प्रमाणपत्राशिवाय तसा दावा करून विकणं नियमात बसत नाही. ‘मेथी: ओतूर’, ‘घेवडा: उदापूर’ एवढं गावाचं नाव पुरतं, आणि लोक ते वाचतात.

कांद्यात गोल्टी (बारीक कांदा) स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. रश्शाच्या वाटणाला ठीक, पण सोलायला दुप्पट वेळ जातो आणि मजुरी तुम्हीच देता. अख्खा कांदा घालून करायच्या भाजीला मात्र गोल्टीच हवी.

४. ताटाचा हिशेब, बसण्याआधी

गेल्या हिवाळ्यातल्या भावांनी एका ताटाचा खर्च असा होता:

बाजरीचं पीठ १८० ग्रॅम, दळणासकट: ७ रुपये
तांदूळ ८० ग्रॅम: ५
भाजी १५० ग्रॅम: ६
डाळ किंवा कडधान्य ४० ग्रॅम: साडेचार
तेल: ४
दाणे, खोबरं, मसाला, कांदा, लसूण: ९
ताक: ४
कोशिंबीर, चटणी, लिंबू: ४
गॅस: ५

बेरीज साडेअठ्ठेचाळीस. आपण ४९ धरू. यात भाजीचे सहाच रुपये आहेत, हे बघून मीही चमकले होते. दाणे-खोबरं-मसाल्यात तिच्यापेक्षा जास्त जातात. म्हणजे भाजी घासाघीस करून पाचला आणण्यात अर्थ नाही. दाणे हंगामात पोत्याने घेतले तर ताटामागे खरी बचत होते.

वर रोजचा बांधील खर्च: सकाळी ९ ते ४ कामाला चार बायका आणि एक वाढपी, प्रत्येकी ४०० म्हणजे २,०००, भाडं-वीज मिळून ६००. एकूण २,६००, गिऱ्हाईक येवो न येवो. वाया जाणारं आणि किरकोळ धरून ताटामागे आणखी ५ रुपये काढा. १३० मधून ४९ आणि ५ गेले, उरले ७६. म्हणजे रोज ३५ ताटांखाली तुम्ही घरचे पैसे घालताय. आमची पहिल्या सहा महिन्यांची सरासरी ३१ होती. म्हणून भांडवलात तीनचार महिन्यांचा तोटा आधीच बाजूला काढून ठेवा. माझे सगळे मिळून साडेतीन लाख लागले, त्यातले लाखभर असेच तोट्यासाठी ठेवले होते. ते नसते तर दिवाळीलाच फळी लागली असती.

भांडी, टेबलं, फ्रीज जुनं घ्या. बंद पडलेल्या हॉटेलांचा माल नेहमी विकायला असतो (का असतो, ते वरच्या परिच्छेदात आहेच). भाकरीचा तवा आणि काटवट मात्र नवी आणि तुमच्या बायकांच्या पसंतीची.

५. कागदपत्रं

नियम आणि शुल्क बदलत असतात. अर्ज करायच्या दिवशी संकेतस्थळावर पुन्हा बघा. मी केलं तेव्हाचं सांगते.

अन्न परवाना: एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉसकॉस पोर्टलवर. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये; त्यावर राज्य परवाना, वर्षाला २,०००. नवे लोक ‘आपण छोटे’ म्हणून डोळे झाकून नोंदणी करतात. गणित करा: आठवड्याची एक सुट्टी धरून ३१२ दिवस, १३० रुपयांची ३० ताटं रोज गेली की १२ लाख ओलांडले. आणि ३० ताटांत तर तुम्ही तोट्यात आहात. म्हणजे त्या मर्यादेत चालणाऱ्या खाणावळीला परवानाच लागत होता; आजची मर्यादा बघून हेच गणित करा आणि मगच ठरवा. चौदा आकडी नंबर दर्शनी भागात आणि बिलावर हवा.

त्यासाठी जवळ ठेवायचं: मालकाचा फोटो आणि ओळखपत्र, जागेचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा), स्वयंपाकघराचा मोजमापासह आराखडा, भांडी-यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, काम करणाऱ्यांचे वैद्यकीय दाखले. बोअरचं पाणी असेल तर तपासणी आधी करून घ्या. आमचा पहिला अहवाल नापास झाला आणि टाकी धुऊन दुसरा येईपर्यंत तीन आठवडे गेले, भाडं चालूच.

दुकान नोंदणी, म्हणजे लोक अजून ‘गुमास्ता’ म्हणतात ती: मी केली तेव्हा २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पुरत होतं.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. जागा शेतजमिनीवर असेल तर बिगरशेतीचा प्रश्न आधी तलाठ्याकडे आणि तहसीलला विचारून घ्या. स्वतःच्या शेतावरच जेवण वाढायचं असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा, तो वेगळा रस्ता आहे.

जीएसटी: सेवेसाठी मर्यादा २० लाखांची, म्हणजे वरच्याच गणिताने रोजची ५० ताटं. साध्या उपाहारगृहाला दर ५ टक्के, खरेदीवरच्या कराची वजावट नाही. ताट १३० ला कायम ठेवायचं तर त्यातले सहा रुपये सरकारचे, आणि तोट्याची रेषा ३५ वरून ३८ ताटांवर जाते. हे आधी धरलं नाही तर पन्नासावं ताट आनंदाऐवजी धक्का देतं.

उद्यम नोंदणी (केंद्राची छोट्या उद्योगांची नोंदणी) मोफत आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या संकेतस्थळांवर लोक दोनतीन हजार भरून बसतात, माझी चुलत बहीण त्यातलीच. कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत. बँकेत वरचा ताटाचा हिशेब कागदावर नेलात तर समोरचा माणूस जरा नीट बोलतो.

गॅस: १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच. घरचा लाल सिलिंडर ‘दोन दिवसांपुरता’ म्हणून आणला जातो आणि तपासणी नेमकी त्याच दोन दिवसांत येते.

६. भाकरी म्हणजे खरी अडचण

सगळे भाजीचा विचार करतात. खाणावळ अडते ती भाकरीवर. साठ ताटं म्हणजे १२० भाकऱ्या, आणि गर्दीचे तास दोनच. चांगल्या हाताची बाई तासाला तीसेक भाकऱ्या करते. म्हणजे दोन बायका, दोन चुली, आणि मान वर करायला वेळ नाही. त्यातली एक रजेवर गेली की तुम्ही उघडे पडता. तिसरीला भाकरी येतच असली पाहिजे, एरवी ती निवडण-चिरण्याचं काम करो. मी स्वतः शिकले. माझ्या भाकऱ्यांचे नकाशे होतात, पण अडीनडीला चालतात.

बाजरीचं पीठ चारपाच दिवसांत कडू होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दळण. उन्हाळ्यात आम्ही ज्वारीवर जातो, ती पोटाला थंड आणि पीठ जरा जास्त टिकतं. भाताला इंद्रायणी. नवा तांदूळ पाणी कमी मागतो. जुन्याच्या अंदाजाने पाणी घातलंत तर लगदा होतो आणि त्याला वास कितीही छान आला तरी गिऱ्हाईक हसतं.

पालेभाजी स्वस्त दिसते पण निवडणं महाग. एक बाई तासाला दहाबारा जुड्या मेथी निवडते. म्हणून पालेभाजीच्या दिवशी पातळाला कडधान्य ठेवा, ज्याला चिरणं-निवडणं नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मेथी दुसऱ्या सकाळपर्यंत ठीक राहते. त्यापुढे ठेवू नका.

७. फळा, डबे आणि सणवार

आमचा दिवस: साडेसातपर्यंत माल येतो, आठला काय करायचं ते ठरतं, साडेनऊला फळा आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर. साडेबाराला पहिलं ताट.

गिऱ्हाईक कोण, हेही आधीच ठरवा. माळशेजचा पाऊस बघायला येणारे शनिवार-रविवारचे लोक खर्च जास्त करतात, पण मंगळवारी ते कुठे असतात? आमचा कणा म्हणजे बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले लोक आणि महिन्याचे बावीस डबे. डबे असले की सकाळी आठला निदान बावीस ताटांचा आकडा पक्का असतो, आणि अन्न वाया जाणं तिथेच कमी होतं. डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या. उधारीची वही एकदा उघडली की मिटत नाही.

पंचांग भिंतीवर हवंच. चातुर्मासात काहीजण कांदा-लसूण-वांगं सोडतात. श्रावणात सोमवार-शनिवारी ताटं निम्मी होतात. आषाढी-कार्तिकीला आम्ही बंद ठेवतो. उपवासाचं ताट करायचं असेल तर भगर बंद पाकिटातलीच घ्या, सुटी किंवा आधी दळून ठेवलेली नको. उपवासाच्या दिवसांत शिळ्या भगरीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात.

‘संपलं’ म्हणायला शिका. पहिले काही महिने मी संपायला आलं की घाईने बटाटा शिजवायला टाकायची. त्या बटाट्याची चव लोक लक्षात ठेवतात, दुपारभर केलेल्या चांगल्या भाजीची नाही. आता दीडला भाजी संपली तर फळ्यावरून पुसते आणि पिठलं-भाकरी शंभरला देते. पिठल्यासाठी मुद्दाम उशिरा येणारे तिघे आहेत.

सुरू करायच्या आठवड्यात ओळखीच्या सगळ्यांना बोलावू नका. पहिले चार दिवस पंचवीसच ताटांचा शिधा काढा, आणि घड्याळ लावून बघा: फळ्यावर भाजी लिहिल्यापासून पहिलं ताट वाढेपर्यंत किती वेळ गेला, पंचविसावी भाकरी गरम होती का, आणि ताटात परत काय आलं. परत आलेलं रोज डोळ्यांनी बघा, भांडी घासणाऱ्या मावशींवर सोपवू नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात परत येत होता तो भात, म्हणून मूद लहान केली आणि ताकाची वाटी मोठी.